चतुर आणि टाचण्यांवरून तलाव कसा ओळखायचा: ठाणे-नवी मुंबईकरांसाठी

गेल्या सप्टेंबरात आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये चतुरांची एक जोडी काळ्या गाडीच्या बॉनेटवर अंडी घालत होती. मादी शेपटीचं टोक पत्र्याला टेकवायची, वर उडायची, पुन्हा टेकवायची. भाचा म्हणाला, "मावशी, ही वेडी आहे का गं?" वेडी नाही. पाण्यावरून परावर्तित होणारा प्रकाश आडव्या पातळीत ध्रुवित झालेला असतो, म्हणजे त्याच्या लहरी मुख्यतः आडव्या दिशेत डोलतात, आणि चतुरांचे डोळे पाणी त्याच खुणेवरून ओळखतात. चकचकीत गडद पत्रा तसाच प्रकाश परतवतो. म्हणून पाणी समजून पत्र्यावर अंडी, आणि दुपारच्या उन्हात त्यांचं भाजणं.

हा किस्सा आधी सांगायचं कारण असं की "आमच्या तलावावर खूप चतुर आहेत, म्हणजे पाणी स्वच्छ आहे" हे वाक्य मी ठाण्यात फार वेळा ऐकलंय. चतुर कुठे उडतोय यावरून फारसं काही कळत नाही. कोणता उडतोय, आणि तो कुठल्या पाण्यातून बाहेर पडला, हे शोधलं तर बरंच कळतं. ते शोधायचं कसं, त्यासाठी हा लेख. यासाठी प्राणिशास्त्राची पदवी लागत नाही. सकाळचे दोन तास, डोळे आणि चिकाटी लागते.

चतुर पाण्याबद्दल का बोलू शकतो

आपण ज्याला चतुर म्हणतो तो त्या किड्याच्या आयुष्यातला शेवटचा, थोडक्यात आटपणारा भाग. त्याआधी तो पाण्यात पिल्लू म्हणून वाढतो. काही जातींना महिना-दीड महिना पुरतो, काहींना वर्ष किंवा त्याहून जास्त लागतं. एवढा काळ त्याला पळून जाता येत नाही. नाल्याचं पाणी आलं, ऑक्सिजन घटला, तळाशी काळा गाळ बसला, तर सोसायचं नाहीतर मरायचं. पाण्याचा बाटलीभर नमुना त्या एका सकाळची गोष्ट सांगतो. पिल्लू गेल्या कित्येक आठवड्यांची सांगतं.

शिवाय ही पिल्लं शिकारी. खालचा ओठ घडी घालून तोंडाखाली ठेवलेला असतो आणि भक्ष्य जवळ आलं की तो सुरीसारखा पुढे झेपावतो. डासांच्या अळ्या, बेडकांची पिल्लं, प्रसंगी छोटे मासेसुद्धा. म्हणजे पिल्लं टिकायची तर त्यांच्या खालची सगळी साखळी जागेवर हवी. चतुराचं पिल्लू गुदद्वाराच्या आतल्या कल्ल्यांनी श्वास घेतं आणि तेच पाणी जोरात मागे सोडून पुढे सटकतं. टाचणी म्हणजे चतुराची बारीक अंगाची नातलग. तिच्या पिल्लाला शेपटीला पानासारखे तीन कल्ले असतात. पांढऱ्या ताटलीत पिल्लू आलं तर एवढ्यावरून फरक कळतो.

पाण्यातल्या किड्यांवरून पाण्याचा दर्जा ठरवायची पद्धत आपल्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडेही आहे. दक्षिण आफ्रिकेत तर निव्वळ चतुर-टाचण्यांवर आधारलेला निर्देशांक आहे. तिथे प्रत्येक जातीला ० ते ९ गुण मिळतात आणि ते तीन गोष्टींवरून ठरतात: जात किती दूरवर पसरलेली आहे, तिला धोका किती आहे आणि अधिवास बिघडला तर ती किती सोसते. ते गुण तिथल्या जातींचे, जसेच्या तसे आपल्या तलावांना लावता येत नाहीत. पण विचार उचलण्याजोगा आहे आणि पुढची पद्धत त्यावरच बेतलेली आहे.

आधी एवढं ओळखता यायला हवं

चतुर जाडसर, बसल्यावर पंख विमानासारखे पसरलेले, डोळे बहुतेक वेळा डोक्यावर एकमेकांना टेकलेले. टाचणी नावासारखीच बारीक, डोळे दोन टोकांना, बसल्यावर पंख पाठीवर मिटलेले. पंख अर्धवट उघडे ठेवून बसणाऱ्या काही टाचण्या असतात, तिथे डोळे बघायचे. लहान मुलं दोघांनाही हेलिकॉप्टर म्हणतात. आमच्या लहानपणी शेपटीला दोरा बांधायचा उद्योगही चालायचा. त्याबद्दल आता लाज वाटते, पण मान्य करायला हवं.

सगळ्या जाती पाठ करायच्या नाहीत. जगात सहा हजारांवर जाती आहेत, भारतात पाचशेच्या आसपास. शहरातल्या तलावावर दहा-बारा ओळखता आल्या की काम सुरू होतं. नाव अडलं तर फोटो आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलवर टाकायचा, कुणीतरी जाणकार ओळखून देतो. फोटो काढताना वरून एक आणि बाजूने एक हवाच. नुसता वरून काढलेला फोटो ओळखणाऱ्याचा घाम काढतो.

जागा निवडणं

ठाण्यात तलावांना तोटा नाही: मासुंदा, उपवन, कचराळी, आंबेघोसाळे, रायलादेवी, ब्रह्माळा. घराजवळचा एक धरा, कारण तिथेच तुम्ही पुन्हा पुन्हा जाल. जमलं तर तुलनेसाठी दुसरी, अगदी वेगळी जागा घ्या. येऊरच्या पायथ्याचा ओढा, नाहीतर नवी मुंबईत पारसिकच्या किंवा खारघरच्या डोंगरातून उतरणारं पाणी. येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग. तिथे बघायचं, फोटो काढायचे. काहीही उचलायचं तर वनविभागाची परवानगी लागते, अगदी चतुर निघून गेल्यावर मागे राहिलेली पिल्लाची वाळलेली कात उचलायलाही. पावसाळ्यात डोंगरातल्या ओढ्यांत पाणी अचानक चढतं. पांडवकड्यासारख्या ठिकाणी त्या दिवसांत जायला बंदी असते ती उगाच नाही.

नवी मुंबईकरांना एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. तुमच्याकडचे मोठे जलाशय, म्हणजे सिडकोने बांधलेले धारण तलाव, खाडीला जोडलेले आहेत. भरती-ओहोटीचं खारं पाणी तिथे येतं-जातं आणि काठाला कांदळवन उगवतं. अशा पाण्यात चतुरांच्या मोजक्याच जाती वाढू शकतात. तिथे चार जाती दिसल्या म्हणून "पाणी घाण" असा निष्कर्ष काढलात तर तो चुकेल, जाती मिठामुळे कमी आहेत. धारण तलावाची तुलना धारण तलावाशी आणि गोड्या तलावाची गोड्या तलावाशी. ही चूक मी स्वतः केली आहे. एका वर्षाची अख्खी वही त्यात वाया गेली.

कधी जायचं

सप्टेंबरचा शेवट ते नोव्हेंबर हा उत्तम काळ. पाणी भरलेलं, काठावर गवत वाढलेलं, ऊन परतलेलं. दुसरी फेरी फेब्रुवारी-मार्चमध्ये. चतुरांना अंग तापवायला ऊन लागतं, म्हणून सकाळी साडेनऊ-दहा ते एक ही वेळ. ढग आले की ते झाडीत जाऊन बसतात आणि तुमच्या आकड्यांना अर्थ राहत नाही. भर दुपारी काही चतुर शेपटी सरळ सूर्याकडे उभी करून बसलेले दिसतात, शीर्षासन केल्यासारखे. अंगावर कमीत कमी ऊन पडावं म्हणून ती युक्ती. तसं दिसायला लागलं की आपणही सावली गाठावी.

तलावात गणपती विसर्जन होत असेल तर एक फेरी आधी आणि एक तीन-चार आठवड्यांनी असं ठेवा. तुलना बोलकी होते.

सामान: वही, पेन्सिल (पेन भिजलं की संपलं), जवळचं नीट दिसेल अशी दुर्बीण किंवा झूम असलेला कॅमेरा, टोपी, पाणी, दोन-तीन काडेपेट्या किंवा औषधाच्या रिकाम्या डब्या, आणि पायात गमबूट. पायाला जखम असेल तर शहरी पाण्यात उतरूच नका. अशा पाण्यातून होणारा लेप्टो (लेप्टोस्पायरोसिसचा ताप) हा काही चेष्टेचा विषय नाही.

फेरी

काठाचा १०० मीटरचा पट्टा ठरवा आणि दरवेळी तोच ठेवा. सुरुवातीला एखादं झाड, शेवटी एखादा बाक, अशी खूण. पाण्याच्या बाजूला साधारण २ मीटर आणि जमिनीच्या बाजूला २ मीटर एवढ्यातलंच मोजायचं. तळ्याच्या मध्यावर काय घिरट्या घालतंय त्याचा मोह सोडा. अर्ध्या तासात, रमतगमत, एका दिशेने. परत फिरताना मोजायचं नाही, तेच चतुर दुसऱ्यांदा वहीत येतात.

आधी वरच्या ओळीत तारीख, वेळ, ऊन-ढग-वारा, पाण्याचा रंग, वास, आणि काठ कसा आहे: दगडी, सिमेंटचा, गवताचा, पाणकणसाचा. मग प्रत्येक जातीपुढे आकडा, आणि त्यापुढे एक अक्षर. नुसता दिसला तर "दि". नर-मादीची जोडी असेल तर "जो". मादी पाण्यात किंवा झाडावर अंडी घालत असेल तर "अं". कात सापडली तर "का". या चार अक्षरांत सगळी मेख आहे. चाळीस "दि" एका "का"ची बरोबरी करत नाहीत.

तलावावर दुर्बीण घेऊन उभं राहिलं की रखवालदार येतो. "काय शोधताय मॅडम?" त्याला दुर्बिणीतून एक लाल चतुर दाखवा. आमच्याकडचे काका आता मी जाण्याआधीच सांगतात, आज पिवळ्या जास्त आहेत म्हणून. गळ टाकून बसणाऱ्यांनाही विचारावं. कुठल्या कोपऱ्यात पाण्याला वास येतो हे त्यांना नेमकं ठाऊक असतं.

कात शोधणं

पूर्ण वाढलेलं पिल्लू रात्री किंवा पहाटे पाण्यातून बाहेर येतं, एखाद्या देठावर चढतं, पाठ उकलते आणि आतून चतुर निघतो. मागे राहते ती रिकामी कात. पाण्यापासून वीतभर ते हातभर उंचीवर, पाणकणसाच्या पात्याला, लव्हाळ्याला, कमळाच्या देठाला, कधी कधी भिंतीलाही घट्ट चिकटलेली. रंग वाळलेल्या चहापत्तीचा. सहाही पायांनी देठ कवटाळलेला. पाठीवरच्या फटीतून पांढरे बारीक दोरे बाहेर लोंबतात. ते दोरे म्हणजे त्याच्या श्वासनळ्यांचं अस्तर, निघताना आतून बाहेर ओढलं गेलेलं. पहिल्यांदा भिंगाखाली पाहिलं तेव्हा मी जेवायला बसायची विसरले होते.

कात सापडली की वाद संपला. हा चतुर इथल्याच पाण्यात वाढला, कुठूनतरी उडत आलेला नाही. महापालिकेच्या तलावावरची कात अलगद काढून डबीत ठेवा, चिठ्ठीवर तारीख आणि जागा लिहा. कातीवरून नेमकी जात ओळखणं कठीण आहे. चतुराची की टाचणीची एवढं लिहिलंत तरी भागतं. पावसाच्या एका सरीत काती धुऊन जातात, त्यामुळे दोन कोरडे दिवस गेल्यावर जा.

कोण काय सांगतो

ब्रॅकिथेमिस कंटॅमिनाटा, इंग्रजीत डिच ज्युएल म्हणजे गटारातलं रत्न. नर नारिंगी, पंखांवरही नारिंगी झाक. मादी फिकट पिवळसर तपकिरी. ठेंगणा, पाण्याच्या काठालगत खाली खाली उडणारा. याच्या शास्त्रीय नावातच दूषित हा शब्द आहे. सांडपाणी मिसळलेल्या, शेवाळलेल्या पाण्यात हा मजेत वाढतो. याचं असणं वाईट नाही, चांगल्या तळ्यावरही तो असतो. पण फेरीत दहापैकी आठ हेच असतील तर समजायचं की पाण्यात खतपाणी फार झालंय.

त्याच्या जोडीला इस्नुरा सेनेगालेन्सिस. इवलीशी टाचणी, हिरवट छाती आणि शेपटीच्या टोकाला निळा ठिपका. घाण पाणी सोसते, मचूळ पाणीही सोसते. ऑर्थेट्रम सबिना हा हिरवट-काळा, मधे बारीक आणि टोकाला फुगलेल्या शेपटीचा दरोडेखोर. दुसरे चतुर धरून खातो. कुठेही दिसतो, त्यामुळे साक्षीदार म्हणून बिनकामाचा.

मधल्या फळीत लालभडक क्रोकोथेमिस सर्विलिया, गुलाबी-किरमिजी ट्रायथेमिस ऑरोरा, आणि पिवळ्या शेपटीची सेरियाग्रिऑन कोरोमांडेलिआनम ही टाचणी. यांना काठाला आणि पाण्यात वनस्पती लागतात. टाचण्या अंडी झाडाच्या देठात टोचून घालतात, देठच नसेल तर घालणार कुठे? पंखांवर पिवळी-काळी नक्षी असलेला, फुलपाखरासारखा तरंगणारा ऱ्हायोथेमिस व्हेरिगाटा आणि काळ्या-पांढऱ्या पंखांचा न्यूरोथेमिस टुलिया दिसले तर आनंद माना. हे पाणथळ, गवताळ, भातखाचरासारख्या जागांचे गडी. बांधीव तळ्यावर ते रमत नाहीत.

वाहत्या पाण्याचं खातं वेगळं ठेवा. ओढ्यातल्या दगडावर बसणारा काळा-निळा ट्रायथेमिस फेस्टिव्हा, आणि दाट सावलीत राहणाऱ्या, धातूसारख्या हिरव्या अंगाच्या वेस्टॅलिस टाचण्या. या टाचण्यांना सावली, वाहतं पाणी आणि त्यातला ऑक्सिजन तिन्ही लागतं. काठची झाडं तोडली तर पाणी तेच राहूनही त्या निघून जातात. येऊरचे बरेच ओढे दिवाळीनंतर आटत जातात, म्हणून जानेवारीत तिथे काही नाही दिसलं तर घाबरू नका.

गुण द्यायचे तर पहिल्या गटाला १, मधल्या फळीला २, पाणथळ-गवताळ आणि सावलीतल्या ओढ्यांच्या जातींना ३. दिसलेल्या जातींची सरासरी काढा. जातींची, डोक्यांची नाही, नाहीतर डिच ज्युएलचं बहुमत होईल. हा घरगुती हिशेब आहे, कोर्टात चालणार नाही. पण तोच तलाव, तोच पट्टा, तोच महिना, असं तीन वर्षं केलंत तर आकडा वर जातोय की खाली हे स्पष्ट दिसतं.

फसवे पाहुणे

पावसाळ्यात मैदानांवर, टेरेसवर शेकड्याने घिरट्या घालणारे पिवळसर चतुर म्हणजे पँटाला फ्लेव्हेसेन्स. वाऱ्याबरोबर येतात, डबक्यात झटपट वाढतात आणि वाऱ्याबरोबर जातात. भारताकडून मालदीववरून समुद्र ओलांडून ते पूर्व आफ्रिकेकडे जातात, असं चार्ल्स अँडरसन या जीवशास्त्रज्ञाने मालदीवमधल्या नोंदींवरून २००९ मध्ये मांडलं. प्रवासी म्हणून त्यांना सलाम. पण तुमच्या तलावाबद्दल ते काहीच सांगत नाहीत. वहीत वेगळ्या पानावर लिहा, सरासरीत धरू नका. आमच्या बॉनेटवरची जोडीही यांच्यातलीच.

दुसरा फसवा ब्रॅडिनोपायगा जेमिनाटा. करड्या ठिपक्यांचा, भिंतीवर बसला की दिसतच नाही. हा सिमेंटच्या टाक्यांत आणि हौदांत वाढतो. डासांच्या अळ्या खातो म्हणून सोसायटीत त्याला राहू द्यावं.

एक चाळणी पाण्यात

जिथे परवानगी आहे तिथे स्वयंपाकघरातली जुनी पिठाची चाळणी काठीला बांधून काठच्या झाडोऱ्यात दोन-तीनदा फिरवा आणि पांढऱ्या ताटलीत रिकामी करा. पिल्लं, पाणविंचू, गोगलगायी, झिंगे असे पाच-सहा प्रकार आले तर पाणी जिवंत आहे. नुसत्याच लालबुंद, वळवळणाऱ्या अळ्या आल्या तर तळाशी ऑक्सिजन कमी आहे. त्यांच्या रक्तात हिमोग्लोबिन असतं म्हणून त्या तिथे तग धरतात. मत्स्यालयाच्या दुकानात विरघळलेला ऑक्सिजन मोजायचं किट मिळतं. वन्यजीव आणि माशांसाठी लिटरमागे किमान ४ मिलिग्रॅम हा केंद्रीय मंडळाचा निकष आहे. मोजणी सकाळी लवकर करा. शेवाळलेल्या तळ्यात दुपारी तो आकडा फुगलेला असतो आणि पहाटे तळ गाठतो. बघून झालं की सगळं परत पाण्यात.

वही वाचताना

पाणी बरं असूनही जाती कमी, असं झालं तर काठाकडे बघा. ठाण्यातल्या एका तलावाचा काठ तीन वर्षांपूर्वी सुशोभित झाला. उभी दगडी भिंत, रंगीत दिवे, कारंजं. पाणकणीस "घाण" म्हणून मुळापासून काढलं. पाण्याचा वास खरोखर कमी झाला, हे प्रामाणिकपणे सांगते. पण माझ्या पट्ट्यात आधी अकरा जाती होत्या, त्या चार झाल्या, टाचण्या तर नाहीशाच. पिल्लाला चढायला देठ नाही आणि टाचणीला अंडी टोचायला पान नाही. भरीला डासांसाठी सोडलेले गप्पी मासे, जे डासांच्या अळ्यांबरोबर चतुरांची लहान पिल्लंही खातात.

उलट बाजूही लक्षात ठेवा. जलपर्णीने झाकलेलं तळं हिरवंगार दिसतं, पण तिच्या जाड थराखाली उजेड आणि ऑक्सिजन पोचत नाही. झाडोरा हवा, पण काठाला, आणि मधे उघडं पाणी.

तक्रार किंवा सूचना करायची झाली तर वॉर्डात नुसतं "तलाव वाचवा" म्हणून जाऊ नका. दोन वर्षांच्या फेऱ्यांचा एक कागद, काठाचे आधीचे-नंतरचे फोटो, आणि एकच नेमकी मागणी न्या. मी मागितलं होतं ते एवढंच: उत्तरेच्या कोपऱ्यातला वीस मीटरचा काठ दगडाविना सोडा आणि तिथलं गवत कापू नका. वीस नाही, आठ मीटर मिळाला. गेल्या ऑक्टोबरात त्या आठ मीटरमध्ये लव्हाळ्यावर मला सहा काती सापडल्या, त्यातल्या दोन टाचणीच्या. डबीत आहेत, चिठ्ठीसकट.